दोन ठोक्यांमागे एक टिक

१

इंजिनात काहीतरी टिकटिकतंय हे सगळ्यांत आधी ड्रायव्हरनं सांगितलं, आणि तेच त्याला भोवलं.

"स्वतःहून येऊन सांगितलं की आपल्यावर कोणी संशय घेत नाही, एवढी अक्कल आहे त्याला," धाकटा म्हणाला. दुकान बंद करायची वेळ झाली होती आणि तो काच कापायच्या टेबलावरचा चुरा ब्रशनं गोळा करत होता. "बेअरिंग गेलंय, वहिनी. या वयाच्या गाडीचं इंजिन उघडण्यात अर्थ नाही. उद्याचा दिवस जाऊ दे. परवा शनिवारी सकाळी भंगारवाला येतोय. आणि त्याच सकाळपासून रेडिओलाही सुट्टी."

ड्रायव्हरला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो बंद होत नसे.

थोरली दुकानाच्या दारात उभी होती. ती आत्ताच कामावरून आली होती आणि खांद्यावरची पिशवी उतरवायची राहिली होती. "पिकअप भंगारात देणार?"

"मग काय शोकेसमध्ये ठेवू?" धाकटा बोलून गेला आणि लगेच ओशाळला. "दादाची गाडी आहे, मला कळत नाही का? पण दादा होता तेव्हा इंजिन कसं शिवणयंत्रासारखं चालायचं. तो गेला आणि या माणसानं वाट लावली. पहाटे गाडी काढतो तो, वहिनी. आपण झोपेत असतो. स्वतःची भाडी मारतो आणि दुकान उघडायच्या आत आणून लावतो. रोज ऐकतो मी."

थोरलीही रोज ऐकत होती.

तिचा नवरा पहाटे उठून पिकअप सुरू करायचा. इंजिन गरम होईपर्यंत काचा बांधून घ्यायचा आणि निघताना ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा. घुं, घुं. म्हणजे निघालो. ती कूस बदलून पुन्हा झोपायची. तो गेल्यावरही पहाटे अंगणात इंजिन सुरू होत होतं, आणि तीही कूस बदलून झोपत होती. यात काही विचार करण्यासारखं आहे हे या क्षणापर्यंत तिच्या लक्षात आलं नव्हतं. सध्या तिच्या फारसं काहीच लक्षात येत नसे. कानांच्या दवाखान्यात ती लोकांची ऐकण्याची तपासणी करायची. जाड भिंतींच्या एका छोट्या खोलीत माणसाला बसवून दार लावून घ्यायचं, आणि आवाज ऐकू आला की त्यानं हातातलं बटण दाबायचं. हल्ली तिला वाटायचं की आपणच त्या खोलीत बसलोय आणि बाहेरून कोणी आवाज सोडायचंच विसरलंय.

पण एक गोष्ट त्या खोलीतही तिच्यापर्यंत पोचत होती. नवऱ्यानं शेवटची काच एका गिऱ्हाइकाच्या दारात उतरवली, भिंतीला नीट टेकवली आणि मग तो खाली बसला. तेव्हा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला माणूस रेडिओ होता. त्या दिवशीही तो बोलतच होता म्हणे. रुग्णवाहिका येईपर्यंत तो नवऱ्याशी काहीबाही बोलत राहिला होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "शनिवारपर्यंत त्याला काही बोलू नका. आवाज नक्की कुठून येतो ते आधी कळू दे."

"तुम्ही शोधणार? तुम्ही कानांच्या डॉक्टर, इंजिनाच्या नाही."

"डॉक्टर नाही. कोणाला काय ऐकू येतं आणि काय येत नाही, एवढंच तपासते मी."

धाकट्यानं ब्रश झटकला. "बघा. पण शनिवारी गाडी जाणार. आणि तोही."

२

शुक्रवारी सकाळी रेडिओ यायच्या आधी ती अंगणात उतरली.

घर म्हणजे पुढे दुकान, वर राहायच्या खोल्या आणि मागे अंगण. अंगणाच्या बाजूला सासऱ्यांची खोली, आणि पिकअप तिच्या खिडकीला लागूनच उभी असायची. थंडी चांगली होती. गाडीच्या टपावर दव होतं. पुढच्या काचेवर होतं, मागे काचा बांधायच्या तिरक्या लोखंडी घोडीवरही होतं. बॉनेट मात्र कोरडं होतं, आणि त्यावर शेजारची मांजर पाय पोटाशी घेऊन झोपली होती.

थोरलीनं मांजरीच्या बाजूला तळवा टेकवला. पत्रा कोमट होता.

मग ती वाकून चाकांकडे बघू लागली. मागच्या चाकापासून भिंतीजवळच्या कुंडीपर्यंत कोळ्यानं एक धागा ताणला होता. त्यावर दवाचे थेंब ओळीनं बसले होते. धागा अखंड होता.

"सुप्रभात, ताई. काही हरवलंय का?" रेडिओ फाटक ढकलून आत आला. "मांजर शोधताय? ती काय वर. हल्ली रोज इथेच पडीक असते. आधी कधी ढुंकून बघायची नाही. आता गाडीवर मालकी सांगते. मी आलो की अशी बघते, जशी काही मीच तिच्या घरात घुसलोय."

"तू पहाटे गाडी काढतोस का?"

"पहाटे? ताई, पहाटे मी पोरींच्या वेण्या घालत असतो. बायकोची पहाटेची पाळी असते, तुम्हाला माहीत आहे. त्यांना शाळेत सोडतो आणि मग थेट इथे येतो. कोण म्हणालं? धाकटे साहेब?"

"आवाज ऐकव मला."

तो गाडीत बसला. किल्ली फिरवली तेव्हा आधी एक किंचाळी आली, पत्र्यावर खिळा ओढावा तशी, आणि मग इंजिन सुरू झालं. त्याच्या घरघरीत एक बारीक, कोरडी टिकटिक होती. थोरलीनं डोळे मिटले. हे तिला जमत असे. आवाजांची मोळी सोडून एकेक काडी वेगळी करायची. इंजिनाचे ठोके एकसारखे पडत होते. दर दोन ठोक्यांमागे एक टिक. तिनं रेडिओला इंजिनाचा वेग वाढवायला सांगितलं. ठोके जलद झाले, टिकटिकही तितकीच जलद झाली, पण हिशोब तोच राहिला. क्लच दाबायला सांगितला तरी काही फरक पडला नाही.

"ही किंचाळी कधीपासून?"

"टिकटिकीच्याही आधीपासून. आणि सकाळी बॅटरी दमलेली असते. जळकट वासही येतो कधीकधी. मला तर दिवसभर गाडी बंद करायचीच भीती वाटते." त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ताई, खरं सांगा. मला काढणार आहेत का?"

ती बॉनेटकडे बघत होती. मांजर उठून गेली होती आणि तिच्या जागेचा वेगळा कोरडा ठसा दिसत नव्हता, कारण सगळं बॉनेटच कोरडं होतं.

गाडी पहाटे चालू झाली होती यात शंका नव्हती. पण ती जागची तसूभरही हलली नव्हती.

३

गॅरेजचा मिस्त्री जाडजूड आणि मंद हालचालींचा माणूस होता. त्यानं बॉनेट उघडलं, ऐकलं आणि थोरलीकडे बघितलं. "दादांची मंडळी ना तुम्ही? फार वाईट झालं."

"हो," ती म्हणाली. या वाक्याला ती हल्ली एवढंच उत्तर देई. "बेअरिंग आहे का?"

"तुमच्या धाकट्यांनी फोनवर सांगितलं, बेअरिंग आहे. फोनवरून कळायला ते काय ज्योतिषी आहेत?"

"तेच म्हणतो मी," रेडिओ म्हणाला.

"तू जरा आवाज कमी कर. इंजिन ऐकू दे."

मिस्त्रीनं आधी पट्टा काढला. पंखा आणि पाण्याचा पंप थांबले, टिकटिक थांबली नाही. पट्टा परत चढवून त्यानं एकेका सिलिंडरला डिझेल नेणाऱ्या नळीचा नट सैल केला. प्रत्येक वेळी इंजिन लंगडलं. टिकटिक तशीच.

"बेअरिंग असतं तर यातल्या एका सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर आवाज मऊ पडला असता," तो म्हणाला. "बेअरिंग नाही. व्हॉल्व्ह असतील कदाचित."

"व्हॉल्व्ह नसावेत," थोरली म्हणाली. "चार सिलिंडर म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यात दोन ठोके, बरोबर? आणि प्रत्येक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदा उघडतो. म्हणजे तो चार ठोक्यांमागे एकदा वाजला असता. हे दोन ठोक्यांमागे एकदा वाजतंय. दर फेऱ्याला एकदा. फिरणाऱ्या कशावर तरी एकाच जागी खोट आहे."

मिस्त्रीनं तिच्याकडे बघून भुवया वर केल्या, मग काही न बोलता एक रबरी नळी आणून दिली. तिनं नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावरून सावकाश मागे मागे नेलं. वरच्या झाकणापाशी आवाज पुसट होता. मध्यावर पुसटच. अगदी मागे, इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे, तो एकदम कानात घुसला.

"फ्लायव्हील," मिस्त्री म्हणाला. इंजिनाच्या मागच्या टोकाचं ते जड चाक. त्याच्या कडेला दाते असतात. किल्ली फिरवली की स्टार्टरचं छोटं दातेरी चाक पुढे सरकून त्या दात्यांत अडकतं, मोठ्या चाकाला फिरवतं आणि इंजिन पेटलं की मागे सरकतं. "बघू, स्टार्टर काढून बघू."

स्टार्टर निघाला. आता गाडी सुरू करायला ढकलण्यावाचून इलाज नव्हता. गॅरेजसमोरच्या उतारावर मिस्त्री, त्याचा भाऊ आणि समोरचा पंक्चरवाला असे तिघं मागून लागले. रेडिओनं क्लच सोडला, गाडीनं गचका खाल्ला आणि इंजिन सुरू झालं.

सगळे कान देऊन ऐकत होते. रेडिओसुद्धा. इंजिन चालत होतं. दोन ठोके, दोन ठोके, मध्ये काही नाही. दादा असतानाचं इंजिन.



परत आल्यावर मिस्त्रीनं स्टार्टर कापडावर ठेवला. छोट्या चाकाचे दाते कुरतडल्यासारखे झाले होते आणि उष्णतेनं निळे पडले होते. चाक मागे पूर्ण सरकतच नव्हतं. फ्लायव्हीलच्या एका दात्याची कड उपटून वर आली होती. ती कड प्रत्येक फेऱ्यात या चाकाला चाटून जात होती.

"इंजिन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "दात्याची कड घासून टाकतो आणि स्टार्टरला नवं चाक घालतो. पण ताई, ही झीज नाही. इंजिन चालू झाल्यावरही कोणीतरी किल्ली धरून ठेवतंय. एकदा नाही, रोज. इंजिन पेटलं की ते या छोट्या चाकाला असं गरगरवतं की ते जळायला लागतं."

"मी नाही," रेडिओ म्हणाला.

"तू नाहीस. इंजिन पेटल्याचा आवाज आला की कोणाचाही हात आपोआप सुटतो. लहान पोराचाही सुटेल. मुद्दाम केलं असेल तर गोष्ट वेगळी."

मुद्दाम. थोरलीच्या डोळ्यांसमोर दुकानातला गल्ला आला. त्यावरच्या काचेखाली धाकट्यानं नव्या पिकअपचं रंगीत चित्र सरकवून ठेवलं होतं.

"नवं चाक कधी मिळेल?"

"माझ्याकडेच आहे. तासाभरात बसवतो."

"आज नको," ती म्हणाली. "आहे तसंच बसवून द्या. उद्या पहाटे मला ते लागणार आहे."

४

पिकअपला दोन किल्ल्या होत्या. एक रेडिओकडे. दुसरी नवऱ्याची. इस्पितळातून त्याच्या वस्तू एका पिशवीत आल्या होत्या, आणि ती पिशवी थोरलीनं न उघडता कपाटाच्या खणात ठेवली होती. आता तिनं ती उघडली. घड्याळ होतं. पाकीट होतं. चष्मा होता, दोन्ही काचा शाबूत. किल्ली नव्हती.

ती स्वयंपाकघरात गेली. जाऊ भाजी चिरत होती.

"यांच्या पिशवीतली किल्ली कोणी घेतली का?"

"तुमच्या खणाला कोण हात लावणार?" जाऊ म्हणाली आणि मग सुरी खाली ठेवली. "आमच्या यांच्यावर संशय आहे का तुमचा? सरळ विचारा. नवी गाडी बघून ठेवलीय त्यांनी, ते काही लपवलेलं नाही. दादांपुढे विषय काढायची सोय नव्हती. पण म्हणून भावाची गाडी मोडतील? परवा तिच्या टपावरून हात फिरवत उभे होते. मी खिडकीतून बघितलं. मला बघून म्हणाले, धूळ किती बसलीय."

थोरली स्टुलावर बसली. जाऊ खोटं बोलत नव्हती. तिचा आवाज थोरलीला ओळखीचा होता, आणि त्यात कुठे तडा नव्हता.

"पहाटे तुम्हाला इंजिन ऐकू येतं?"

"येतं की. इतकी वर्षं येतंय. घरातलं घड्याळच ते." जाऊनं पुन्हा सुरी उचलली. "घरात बाबाच काय ते सुखी. त्यांना काही ऐकू यायला नको. काल दहा हाका मारल्या, जेवायला चला म्हणून. शेवटी हात धरून आणलं. आणि त्यांच्या खिडकीच्या काचेचं काय करू, सांगा? काचवाल्यांचं घर आणि काचेवर बोटांचे ठसे. रोज पुसते, रोज सकाळी पुन्हा तेच. पलंगावर बसलेल्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर. अख्खा पंजा."



सासरे काच कापण्यात नाव कमावलेला माणूस. काचेवर कटर ओढला की चिरेचा एक सलग, बारीक आवाज येतो. तो तुटला तर काच वेडीवाकडी फुटते. हाताइतकंच कानानं करायचं काम आहे ते. कान गेले तेव्हा त्यांनी स्वतःच टेबल सोडलं. कानातलं यंत्र थोरलीनंच त्यांना बसवून दिलं होतं. त्याच्या गोल सेलचं पाकीट ती दवाखान्यातून आणून फ्रिजवरच्या डब्यात ठेवायची, आणि सेल संपला की ते दोन बोटांत जुना सेल धरून तिच्यासमोर उभे राहायचे. बोलायचे नाहीत. नुसता दाखवायचे.

तिनं डबा काढला. पाकिटाचं सील तसंच होतं.

हे पाकीट तिनं नवरा गेला त्याच्या आदल्या दिवशी आणलं होतं. तेव्हापासून एकही सेल लागला नव्हता. घरात भेटायला माणसं येत होती, सासऱ्यांसमोर बसून बोलत होती, आणि सासरे मान हलवत होते. त्यांनी यंत्र कधीच काढून ठेवलं होतं. ते कोणाचंच काही ऐकत नव्हते.

लोकांचे कान तपासून पोट भरणाऱ्या बाईच्या हे ध्यानात आलं नव्हतं. ती डबा हातात धरून उभी राहिली. लाज वाटायला हवी होती. ती कुठेतरी दूर, भिंतीपलीकडे वाटत होती.

इंजिन पेटल्याचा आवाज आला की कोणाचाही हात आपोआप सुटतो, मिस्त्री म्हणाला होता.

आवाज आला की.

५

शनिवारी पहाटे ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर शाल घेऊन बसली. इथून अंगण दिसत होतं आणि सासऱ्यांची खिडकीही.

आकाश जरा उजळलं तेव्हा त्यांच्या खोलीचं दार उघडलं. स्वेटर, कानटोपी, पायांत नवऱ्याचे बूट. ते त्यांना मोठे होत होते. पिकअपचं दार उघडून ते वर चढले. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. आयुष्यभर ते डावीकडे बसले होते.

किंचाळी आली. इंजिन पेटलं. किंचाळी थांबली नाही. ती वाढत गेली, कानाला सोसवेना, आणि गाडीच्या खिडकीत सासऱ्यांचा चेहरा अगदी शांत होता. त्यांच्यासाठी स्टार्टरची थरथर आणि इंजिनाची थरथर एकच होती. सीट हलते आहे, गाडी हलते आहे, पण सुरू झाली की नाही कोण सांगणार? खात्री होईपर्यंत त्यांनी किल्ली धरून ठेवली. मग सोडली.

थोरली उठली. आता ते गाडीतच बसतील असं तिला वाटलं होतं.

ते उतरले. इंजिन तसंच चालू ठेवून, मोठ्या बुटांत पाय घासत ते परत खोलीत गेले. काही क्षण काहीच झालं नाही. मग पलंगाजवळच्या खिडकीत त्यांचा हात वर आला आणि काचेवर टेकला. अख्खा पंजा.

जुन्या चौकटीतली ती काच इंजिनाबरोबर थरथरत होती. कान गेल्यापासून रोज पहाटे, यंत्र लावायच्या आधी, ते पलंगावर बसून असाच हात टेकवत असणार. पोरगा उठला. पोरानं गाडी सुरू केली. हे त्यांना काचेतून कळत असणार, आणि शेवटी दोनदा जोरात थरथरली की पोरगा निघाला.

हात बराच वेळ काचेवर होता. सासरे कशाची तरी वाट बघत होते. ते काही आलं नाही. हात खाली गेला. ते पुन्हा बाहेर आले, किल्ली बंद केली, ती स्वेटरच्या खिशात टाकली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मांजर कुंपणावरून उतरली आणि बॉनेटवर जाऊन बसली.

६

भंगारवाला आला तेव्हा धाकटा गल्ल्यामागे होता आणि रेडिओ फाटकापाशी हाताची घडी घालून उभा होता. आपल्याला काढणार हे त्याला कळलं होतं. सासरे नेहमीसारखे दुकानाच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून फडक्यानं एक आरसा पुसत होते.

"भाऊजी, त्यांना परत पाठवा," थोरली म्हणाली. "इंजिनाला काही झालेलं नाही. स्टार्टर खराब आहे. काम तासाभराचं आहे. मिस्त्रीला विचारा."

"आणि तो कोणी खराब केला?" धाकट्यानं फाटकाकडे मान उडवली.

तिनं एकेक करून सांगितलं. कोरडं बॉनेट आणि चाकाजवळचा न तुटलेला धागा, म्हणजे गाडी सुरू होत होती पण कुठे जात नव्हती. भाडी मारायला ती हलायला नको का? जळलेले दाते, म्हणजे इंजिन पेटल्यावरही किल्ली सोडली जात नव्हती. दुसरी किल्ली घरातूनच गेलेली. सील न फोडलेलं सेलचं पाकीट. काचेवरचा पंजा. आणि आज पहाटे तिनं स्वतः पाहिलेलं. ती सपाट आवाजात सांगत होती, तपासणीचा निकाल सांगावा तशी. सासरे दोन हातांच्या अंतरावर बसून आरसा पुसत होते आणि त्यांना त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

धाकट्यानं वडिलांकडे बघितलं.

"मी रोज ऐकत होतो," तो म्हणाला. "पहाटे. आणि अर्धवट झोपेत वाटायचं, दादा निघाला." त्यानं गल्ल्यावरची काच उगाच सरळ केली. "मग जाग आली की राग यायचा. कोणाचा तरी राग यायला हवा होता."

"मलाही वाटायचं," थोरली म्हणाली. "राग तेवढा आला नाही."

"किल्ली काढून घ्या त्यांच्याकडून."

"नाही."

"वहिनी, पुन्हा मोडतील."

"नाही मोडणार. ते मी बघते."

धाकटा उठून अंगणात गेला. भंगारवाल्याशी दोन शब्द बोलला, तो माणूस पुटपुटत निघून गेला. मग धाकटा रेडिओसमोर उभा राहिला. इतक्या लांबून थोरलीला शब्द ऐकू आले नाहीत. बोलणं छोटं होतं. रेडिओचं उत्तर मात्र अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं.

"माफी राहू द्या, साहेब. त्यापेक्षा मांजरीला सांगा, मीही इथलाच आहे म्हणून."

दुसऱ्या दिवशी पहाटे सासरे बाहेर आले तेव्हा थोरली पिकअपमध्ये डाव्या बाजूला बसली होती. ते दारातच थबकले. तिनं सरकून त्यांना वर चढायला हात दिला. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग समोर. किल्ली लावली.

तिनं त्यांच्या मनगटावर आपली बोटं ठेवली.

नवं चाक दात्यांत अलगद बसलं, इंजिन पेटलं, आणि त्याच क्षणी तिनं मनगट दाबलं. त्यांचा हात सुटला. किंचाळी आली नाही. सासऱ्यांनी मान वळवून विचारल्यासारखं बघितलं. तिनं मान हलवली. सुरू झालं, बाबा.

ते उतरून आत गेले. ती सरकून उजवीकडच्या सीटवर बसली आणि बाजूची काच खाली केली. समोर त्यांची खिडकी होती. पंजा वर आला आणि टेकला.

इंजिन गरम व्हायला जितका वेळ लागतो तितका तिनं जाऊ दिला. काचा बांधायला लागतो तितका. मग तिनं ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, आणि पुन्हा दाबला.

घुं, घुं.

पंजा काचेवरून सुटला. जरा वर गेला आणि एकदाच, सावकाश, हलला. मग खिडकीत कोणी नव्हतं.

इंजिन चालत होतं. दोन ठोके, दोन ठोके, मध्ये काही नाही. पुढच्या काचेवर दव होतं. थोरलीनं वायपर लावला. एका फेरीत काच स्वच्छ झाली. तिनं आणखी एकदा फिरू दिला.

समोरचं अंगण तरीही धूसरच दिसत होतं.